अठ्ठावीस दिवसांचा दंडक

गेल्या वर्षी एका शाळेत दहावीच्या मुलींशी बोलायला गेले होते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे, नाव घालायचे नाही, असे ठरले होते. एका चिठ्ठीत लिहिले होते, ‘माझी पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते. पुस्तकात २८ आहे. मला पुढे मूल होणार नाही का?’ अक्षर नेटके होते. मुलगी अभ्यासू असणार. पुस्तक नीट वाचले म्हणूनच ती घाबरली होती!

घरी येऊन दहावीचे, २०१८ साली आलेले ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ पुन्हा वाचले. त्याचे श्रेय आधी द्यायला हवे. मानवी प्रजनन त्यात आकृत्यांसह, आडपडदा न ठेवता दिले आहे. पुढे ‘सामाजिक आरोग्य’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात ताणतणाव, व्यसने, मोबाइलचा अतिवापर, सायबर गुन्हे असे विषय येतात. २००७ साली आपल्याच राज्यात किशोरावस्था शिक्षणाचा केंद्रीय कार्यक्रम विरोधामुळे थांबवला गेला होता, हे आठवले की या पुस्तकाचे मोल कळते.

माझी तक्रार वेगळी आहे. ही दोन प्रकरणे एकमेकांना ओळखत नाहीत. ताणाच्या प्रकरणात शरीराविषयीच्या धास्तीला जागा नाही, आणि शरीराच्या प्रकरणात जे शरीर आहे ते सरासरीचे आहे. ऋतुचक्र अठ्ठावीस दिवसांचे, फार तर तीस. अंडमोचन चौदाव्या दिवशी. पाठ्यपुस्तकांतून हे असेच येत राहते आणि परीक्षेत तेवढेच विचारले जाते.

वस्तुस्थिती काय आहे? पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर सामान्य मानले जाते. मेंदूतील अधश्चेतक, पीयूषिका ग्रंथी आणि अंडाशय यांचा मेळ बसायला वेळ लागतो. या काळात काही चक्रांत अंडमोचन होतही नाही. शिवाय चक्राची लांबी कमीजास्त होते ती मुख्यतः अंडमोचनाच्या आधीच्या टप्प्यात. नंतरचा टप्पा बराचसा स्थिर, साधारण दोन आठवड्यांचा असतो. म्हणजे चौदा दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. पस्तीस दिवसांच्या चक्रात अंडमोचन एकविसाव्या दिवसाच्या आसपास येईल. पुस्तकातली आकृती त्या मुलीपुरती चुकीचीच ठरते.

डॉक्टरांना कधी दाखवायचे, हेही तिथेच सांगता येईल: पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, दोन पाळ्यांमध्ये तीन महिन्यांहून अधिक खंड पडला, किंवा रक्तस्राव सात दिवसांहून जास्त टिकला, तर. दोन ओळींचे काम आहे.

मुलांचीही गत वेगळी नाही. वयात येण्याची सुरुवात मुलांमध्ये नवव्या ते चौदाव्या वर्षांपर्यंत केव्हाही होते. एकाच बाकावर मिसरूड फुटलेला आणि आवाजही न फुटलेला असे दोघे बसतात, दोघेही निरोगी असतात, आणि त्यांतला एक वर्षभर चेष्टा सोसतो. ‘सामाजिक आरोग्य’ शिकवताना या बाकाकडे कोणी पाहते का?

जीवशास्त्रात विविधता हा नियम आहे. उत्क्रांतीच्या पाठात आपण तेच शिकवतो. मग स्वतःच्या शरीराच्या पाठात ती का गळते? साधन तर गणिताच्या पुस्तकात तयार आहे. दहावीला सांख्यिकीत मध्य, मध्यक, आयतालेख सगळे असते. वर्गातल्या मुलामुलींनी उंची निनावी चिठ्ठीवर लिहावी, तिचा आयतालेख काढावा, आणि सरासरी उंचीचे नेमके कितीजण आहेत ते मोजावे. बहुधा एखाददुसराच निघेल, कधी एकही नाही. (पाळीची आकडेवारी मात्र वर्गात गोळा करू नये, ती ज्याची त्याची खासगी बाब.) लैंगिक शिक्षणासाठी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करणारे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांना हा तास आवडला असता असे वाटते.

त्या दिवशी चिठ्ठीचे उत्तर देण्यासाठी मी फळ्यावर २१ पासून ४५ पर्यंत एक रेघ ओढली आणि २८ वर खूण केली. मुली बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होत्या. दोघीतिघींनी ती वहीत उतरवून घेतली. तास संपल्यावर मी डस्टर उचलले, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, “राहू द्या, पुढचा तास मुलांचा आहे.”