दोन मंत्रालये आणि एक कांदा

परराष्ट्र आणि व्यापार धोरणावर लिहिण्याचा अधिकार मला कोणत्या पदवीने दिलेला नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात उमेद गेली. वाचन झाले ते वांगणी-अंबरनाथ लोकलमध्ये. त्या नोकरीने एक सवय मात्र लावली. रजिस्टरात लिहिलेला साठा आणि मांडणीवरचा प्रत्यक्ष साठा ताडून पाहायचा. सरकारी दस्तऐवज मी त्याच सवयीने वाचतो.

प्रस्तुत लेखासाठी समोर ठेवले आहे ते वाणिज्य मंत्रालयाचे ‘परकीय व्यापार धोरण २०२३’. ते ३१ मार्च २०२३ रोजी जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी लागू झाले. २०३० पर्यंत वस्तू व सेवा मिळून दोन लाख कोटी डॉलरची निर्यात हे त्याचे उद्दिष्ट. त्याआधीच्या २०१५-२० च्या धोरणाने ९०० अब्ज डॉलरचे लक्ष्य ठेवले होते. २०१९-२० साली प्रत्यक्षात निर्यात झाली ती सुमारे ५२८ अब्जांची. ही तफावत कोठून आली याचे उत्तर शोधल्याशिवाय नव्या धोरणाने आकडा मोठा केला, एवढी नोंद करून पुढे जातो. कारण माझा मुख्य आक्षेप आकड्यावर नाही.

आक्षेप असा : या धोरणात उद्दिष्टे आहेत, पण दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड आली तर माघार कोणी घ्यायची, हे त्यात नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या बाबतीतही तेच. २०१४ पासून ‘शेजारी प्रथम’ हे त्याचे घोषवाक्य आहे. शेजारी प्रथम, पण कोणाच्या आधी? याची कसोटी पाहायला दिल्लीला जावे लागत नाही. लासलगावचा कांदा पुरेसा आहे.

क्रम पाहा. २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा न घालता रांधायला सांगितले आहे, असे त्या जाहीर सभेत हसत म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी आधी कळवलेत तर बरे, असेही सुचवले. वर्षभरही लोटले नाही तोच १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा पूर्ण बंदी. ती मार्चअखेर संपायची होती. उठली ४ मे २०२४ रोजी, तीही टनामागे ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्णपणे गेले १ एप्रिल २०२५ ला.

त्या डिसेंबरात निफाड तालुक्यातल्या माझ्या मेव्हण्याचा लाल कांदा काढणीला आला होता. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. खरिपाचा लाल कांदा राहत नाही. तो बाजार समितीत न्यावाच लागतो, असेल त्या भावाला. काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आला. “दाजी, तुम्ही एवढे कागद वाचता, हे कोणत्या कागदात लिहिलं होतं?” असे त्याने फोनवर विचारले. मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नापोटीच आहे.

उत्तर पुढे सापडले. व्यापार धोरणाच्या पहिल्याच प्रकरणात, परिच्छेद १.०५ मध्ये, निर्यातदाराला एक दिलासा आहे. निर्बंध येण्याआधी पक्के पतपत्र घेऊन झालेले सौदे काही अटींवर पुरे करता येतील, असा त्याचा आशय. धोरण स्थिर असल्याची हमी म्हणतात ती हीच. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेत मात्र स्पष्ट लिहिले होते की, १.०५ ची तरतूद या ठिकाणी लागू नाही. जहाजावर भरणी सुरू झालेला किंवा कस्टम्सच्या ताब्यात गेलेला असा मोजका माल सुटला. म्हणजे छत्री दिली होती खरी, पण पाऊस आला की ती मिटवायची, अशी अट घालून.

येथे प्रतिवाद ऐकला पाहिजे. वांगणीत अनेक अंध कुटुंबे राहतात. त्यांतले कित्येक लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून पोट भरतात. किलोमागे तीस रुपये वाढले की त्यांच्या पिशवीतला कांदा पावशेरावर येतो. कांदा महागला तर सरकारने हात बांधून बसावे, असे मी म्हणणार नाही. पण त्यासाठी राखीव साठा आहे. २०२३ मध्ये तो तीन लाखांवरून पाच लाख टनांवर नेला होता. शहरातल्या स्वस्ताईचा खर्च सरकारी तिजोरीने सोसायचा की निफाडच्या शेतकऱ्याने, हा राजकीय निर्णय आहे. तो उघडपणे घ्यावा. बंदीची अधिसूचना निघते वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयातून, शुल्क लावते अर्थ मंत्रालय, भावावर डोळा ठेवते ग्राहक व्यवहार मंत्रालय आणि शेजाऱ्याची समजूत घालते परराष्ट्र मंत्रालय. चौघांच्या हाताने झालेल्या कामाचा जाब एकालाही विचारता येत नाही.

मग ऑस्ट्रेलियाने १९८७ साली केले तसे परराष्ट्र व व्यापार एकाच खात्यात आणावे का? अभ्यासक मित्र हा उपाय सुचवतात. मला तो पटत नाही. दक्षिण कोरियाने १९९८ मध्ये दोन्ही खाती जोडली आणि २०१३ मध्ये पुन्हा वेगळी केली. दार एक केल्याने घरातले भांडण मिटत नाही. शिवाय आपल्याकडे समन्वय जमतच नाही असेही नाही. त्याच बंदीच्या काळात सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी मिळाली. मैत्रीसाठी वाट काढता येते. मग ती आधी ठरवून, सांगून का काढू नये?

जानेवारी २०२५ मध्ये व्यापार धोरणात दुरुस्ती होऊन, बदल करण्यापूर्वी संबंधितांशी विचारविनिमयाची तरतूद आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र अपवादात्मक परिस्थितीत सरकार परस्पर निर्णय घेऊ शकेल, ही मुभाही सोबत आली. सहा वर्षांत दोनदा शुल्क नव्हे, तीनदा बंदी पाहिलेल्या शेतकऱ्याला ‘अपवाद’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

माझी मागणी लहान आहे. धोरणात उद्दिष्टांचा अग्रक्रम लिहावा : भाव अमुक मर्यादेपलीकडे गेला तर आधी राखीव साठा, मग शुल्क, बंदी शेवटी. शेजारी देशाला आणि शेतकऱ्याला ठरावीक दिवसांची पूर्वसूचना द्यावी. आणि प्रत्येक बंदीनंतर कोणाचे किती गेले, याचा हिशेब वार्षिक अहवालात छापावा. स्टोअरमध्ये एक बोल्ट कमी भरला तरी आम्हाला कारण लिहून द्यावे लागत असे.

मेव्हण्याला मी १.०५ परिच्छेद वाचून दाखवला, आणि मग अधिसूचनेतले ते वाक्यही. तो म्हणाला, “म्हणजे लिहिलेलं होतं तर. फक्त आमच्यासाठी नव्हतं.” या वर्षी त्याने कांद्याचे क्षेत्र निम्मे करून मका लावला आहे.