देखाव्यातली माणसे

लोहगडाच्या पायथ्याशी उभा राहणारा पाहुणा म्हणतो, "काय देखावा आहे!" देखावा म्हणजे डोंगर, धुके आणि पाणी, माणूस त्यात नसलेलाच बरा, अशी आपली एक समजूत आहे. मुलांच्या चित्रकलेच्या वहीतही दोन डोंगर, मधून उगवता सूर्य आणि एक झोपडी असते. झोपडीत राहणारा कोणी काढीत नाही. ही समजूत ढळवणारे चित्रकार म्हणजे सुधीर पटवर्धन.

पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले, तेथेच डॉक्टर झाले, आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. चित्रकला ते स्वतःच शिकले. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'ट्रेन' (१९८०) या चित्रांत माणूस अगदी जवळ आहे. त्याचे थकलेले अंगच त्याची हकिगत सांगते.

'टाऊन' (१९८४) या चित्रात मात्र चित्रकार मागे सरतो आणि पट रुंदावतो. पुढे घरे, रस्ते, पूल वाढत जातात. माणूस लहान होतो. 'लोअर परळ' (२००१) मध्ये १९८२च्या संपानंतर मोडत गेलेले गिरणगाव आणि त्यावर उठणारी नवी उंच घरे एकाच नजरेत येतात. घोषणा कोठेच नाही. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९-२० मध्ये भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनात हा सारा प्रवास सलग मांडला होता.

माणूस लहान झाला, तशी कणवही लहान झाली काय? शंका रास्त आहे. मोठ्या पटावरची काही माणसे रचनेपुरतीच उभी वाटतात. आधीच्या चित्रांतली ऊब तेथे कमी पडते. तरीही मिळकत मोठी आहे. पूर्वी हा चित्रकार माणसाचे शरीर वाचीत होता, आता तो जागा वाचतो. कोणाची वस्ती उठली आणि तेथे कोण आले, हे जागेवरूनही कळते.

आम्हां मावळकरांना ही दृष्टी हवीच आहे. पवना धरणाच्या ज्या पाण्याचे फोटो घरोघरी जातात, त्याच्या तळाशी लोकांची घरे-शेते गेली. लोणावळ्याच्या आसपास भाताच्या खाचरांना लागून बंगल्यांची कुंपणे उभी आहेत, आणि त्याच बंगल्यांवर राखणीला खाचरवाल्यांची मुले जातात. आमचा देखावा सुंदर आहे, यात वाद नाही. तो काढणाऱ्याने ही माणसेही काढावीत.