‘मुक्ती’, ‘कारवाई’ आणि ‘आक्रमण’ : गोव्याच्या वादातील शब्दविवेक

१८ व १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यात काय घडले याविषयी मतभेद फारसा नाही. भारतीय सेना सीमा ओलांडून आत गेली आणि दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. वाद माजला तो या घटनेस कोणते नाव द्यावे याविषयी. पोर्तुगालने तिला ‘आक्रमण’ म्हटले, भारताने ‘मुक्ती’. सुरक्षा समितीत युद्धबंदी व सैन्यमाघारीची मागणी करणाऱ्या ठरावास सात मते अनुकूल व चार प्रतिकूल पडली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो ठराव बारगळला.

‘आक्रमण’ या शब्दात परक्याची सीमा गृहीत असते. १९५१ साली पोर्तुगालने राज्यघटनेत दुरुस्ती करून आपल्या वसाहतींस ‘सागरपार प्रांत’ ठरविले, ते ही सीमा सिद्ध करण्यासाठीच. उलट भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांचा युक्तिवाद असा, की गोवा हा भारताचाच भाग असल्यामुळे तेथे आक्रमण संभवतच नाही. दोन्ही पक्ष जे सिद्ध करावयाचे तेच हेतू म्हणून पुढे करतात. न्यायशास्त्रात यासच साध्यसम हेत्वाभास म्हणतात. वासाहतिक सत्तेच्या समाप्तीविषयीचा आमसभेचा १९६० चा ठराव हा भारताचा अधिक भक्कम आधार होय. परंतु त्या ठरावातही शस्त्रप्रयोगास स्पष्ट अनुमती नव्हती.

नावाचा असा पेच मराठी भाषकांस नवा नव्हता. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादवरील मोहिमेस शासनाने ‘पोलीस कारवाई’ म्हटले. मराठवाड्याच्या बोलण्यात ती ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून रुळली. स्मरणदिन मात्र ‘मुक्तिसंग्रामा’चा पाळला जातो. पहिल्या नावात शत्रुराष्ट्र नाही, दुसऱ्यात लढणारी जनता आहे. सैन्य दोहोंतही प्रत्यक्ष उच्चारले जात नाही.

‘मुक्ती’ची परीक्षा व्याकरणाने अधिक नेमकी होते. ‘गोवा मुक्त केला’ या वाक्यात कर्ता सैन्य आणि गोवा केवळ कर्म. ‘गोवा मुक्त झाला’ यात कर्ता गोवा, आणि सैन्य अदृश्य. दुसरी रचना निराधार नाही. १८ जून १९४६ ची मडगावची सभा, त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांचे कार्य, १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोळीबारात पडलेले सत्याग्रही हा तिचा आधार होय. तथापि, निर्णायक क्षण शस्त्रबळाने आला हे ती झाकते. हातकणंगल्यासारख्या गावी वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या हाती सुरक्षा समितीतील युक्तिवाद क्वचितच पडतो. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो असा एखादा शब्द, आणि त्या शब्दाबरोबर निवाडाही.

हेतूंविषयीच्या टीकेतही असाच गोंधळ आढळतो. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना १९६२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत आचार्य कृपलानींशी सामना द्यावयाचा होता. त्यावरून ही मोहीम मतांसाठी झाली असा आक्षेप घेतला गेला. राजगोपालाचारींचा आक्षेप निराळा, शस्त्रप्रयोगामुळे भारताचा नैतिक अधिकार क्षीण झाला असा होता. पहिला कर्त्याच्या मनाविषयी आहे, दुसरा कृतीच्या योग्यतेविषयी. हेतू मलिन ठरल्याने कृती अन्याय्य ठरत नाही, तशीच ती हेतू शुद्ध असल्याने न्याय्यही होत नाही. पहिला आक्षेप खोडून दुसऱ्यास उत्तर दिल्याचे समाधान मानणे ही समर्थकांची चूक होय.

३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले व कायद्याचा वाद मिटला. ‘मुक्ती’ या शब्दाची खरी कसोटी मात्र त्यापूर्वीच, १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लागली होती. महाराष्ट्रातील अनेकांच्या लेखी मुक्तीची स्वाभाविक परिणती विलीनीकरण ही होती. गोमंतकीयांनी बहुमताने ते नाकारले. सैन्य आत गेले तेव्हा जे कर्मस्थानी होते, त्यांनी येथे कर्त्याचे स्थान घेतले. युद्धाच्या समर्थनार्थ ‘मुक्ती’ हा शब्द योजणाऱ्याने मुक्त होणाऱ्यांचा असा प्रतिकूल निर्णयही स्वीकारावयास हवा; एरवी त्या शब्दाचा अर्थ ‘ताबा’ एवढाच उरतो.