आर्मेनियन चित्रकलेचे दोन वारसे

आर्मेनियन चित्रकलेचा इतिहास मुख्यतः ग्रंथांच्या पानांवर घडला आहे. चौथ्या शतकाच्या प्रारंभी ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारणाऱ्या या देशात भित्तिचित्रे नव्हती असे नाही; वान सरोवरातील अख्तामार बेटावर राजा गागिक आर्त्सरुनी याने ९१५ ते ९२१ या काळात बांधविलेल्या चर्चच्या आतील भिंतींवर त्यांचे अवशेष आजही दिसतात. परंतु स्वाऱ्यांमध्ये भिंती पडत आणि ग्रंथ मात्र उचलून नेता येत. म्हणूनच हस्तलिखितांच्या पुष्पिकांमध्ये, म्हणजे लेखक, चित्रकार आणि आश्रयदाता यांची नोंद करणाऱ्या अखेरच्या मजकुरामध्ये, शत्रूने पळवलेला ग्रंथ पैसे मोजून ‘बंदिवासातून सोडवल्याचे’ उल्लेख आढळतात.

या परंपरेचा कळस म्हणून तेराव्या शतकातील तोरोस रोसलिनचे नाव घेतले जाते. किलिकियाच्या आर्मेनियन राज्याच्या भरभराटीच्या काळात, युफ्रेटिसकाठच्या ह्रोमक्ला येथे, चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंच्या आश्रयाने तो काम करीत असे. त्याने १२५६ मध्ये चितारलेल्या जेयतून शुभवर्तमानातील ‘खोरान’, म्हणजे चार शुभवर्तमानांतील समांतर उताऱ्यांची कोष्टके, मुळात आकड्यांचे रुक्ष रकाने आहेत. त्यांच्याभोवती त्याने रंगीत स्तंभ आणि सोन्याने झळकणाऱ्या कमानी उभारल्या आणि त्यांच्या माथ्यावर व कडेला पक्षी व झाडे रंगविली. नेर्सेस श्नोर्हाली या बाराव्या शतकातील धर्मगुरूने अशा कोष्टकांच्या रंगांना आध्यात्मिक अर्थ दिला होता, म्हणजे ही सजावट वाचकाचे मन पुढील पवित्र मजकुरासाठी तयार करीत असे. रोसलिनला इटालियन प्रबोधनाचा पूर्वसूरी ठरविण्याची प्रथा त्यामुळे अन्यायकारक वाटते, कारण तीत त्याचे मोठेपण परक्या मापाने मोजले जाते.

त्याहून मोठा अन्याय वान सरोवराभोवतीच्या वास्पुराकान शैलीवर झाला आहे. तेथील चित्रकारांनी बहुधा कागदावर, सोन्याचा वर्ख न वापरता आणि मोजक्या रंगांत चित्रे काढली. पार्श्वभूमी बऱ्याचदा कोरी, बाह्यरेषा ठळक, डोळे मोठे आणि आकृत्या सपाट. खोलीचा आभास टाळून सगळा प्रसंग रेषेच्या बळावर उभा राहतो. या कामाला ‘लोककला’ म्हणून बाजूला सारणारे समीक्षक साधनांचा काटकसरीपणा आणि कौशल्याचा अभाव यांत गल्लत करतात.

सतराव्या शतकापासून होवनातानियन घराण्याच्या पाच पिढ्यांनी धर्मचित्रांपासून व्यक्तिचित्रांपर्यंतची वाटचाल केली. हाकोब होवनातानियनच्या (१८०६–१८८१) तिफ्लिसमधील व्यक्तिचित्रांत वस्त्रांवरचे बारीक भरतकाम आणि चेहऱ्यावरचा संयम सारख्याच निष्ठेने येतो. फिओदोसियात आर्मेनियन कुटुंबात जन्मलेला समुद्रचित्रकार आयवाझोव्स्की रशियन अकादमीच्या परंपरेत अधिक शोभतो. खरा कायापालट झाला तो मार्तिरोस सार्यानमुळे (१८८०–१९७२): १९१० पासूनच्या इस्तंबूल, इजिप्त आणि इराणच्या प्रवासातील चित्रांत त्याने छायाप्रकाशाचे सूक्ष्म टप्पे गाळून शुद्ध रंगांचे सपाट पट्टे एकमेकांशेजारी ठेवले.

वानकाठच्या खोर्गोम गावचा आर्शिल गॉर्की १९१५ च्या वंशसंहारानंतर अमेरिकेत पोहोचला. त्याची आई १९१९ मध्ये येरेवानमध्ये उपासमारीने मरण पावली. १९१२ मधील छायाचित्रावरून त्याने ‘कलावंत आणि त्याची आई’ हे चित्र दोनदा, वर्षानुवर्षे खरवडून आणि पुन्हा रंगवून सिद्ध केले. त्यातील आईचा मुखवट्यासारखा चेहरा, थेट रोखलेले मोठे डोळे, बोटांशिवाय पांढुरक्या डागांसारखे सोडलेले हात, हे सारे किलिकियाच्या झळाळीपेक्षा वास्पुराकानच्या कोऱ्या कागदाला जवळचे आहे.

आज येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित-संग्रहालयाखेरीज जेरुसलेम आणि व्हेनिस येथेही हा वारसा विखुरलेला आहे. जेयतून ग्रंथाची मूळ कोष्टके लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहेत. २०१५ च्या तडजोडीत त्यांवरील चर्चची ऐतिहासिक मालकी मान्य झाली आणि चर्चने ती संग्रहालयाला दान दिली. सोनेरी पानांना मिळणारे हे लक्ष योग्यच आहे, पण सार्यान आणि गॉर्की यांची मुळे शोधणाऱ्या अभ्यासाने आणि प्रदर्शनांनी वास्पुराकानच्या कागदी पोथ्यांनाही तितकीच जागा दिली पाहिजे.