देहस्थ सूक्ष्मजीवांविषयीचे लेखन : वर्णन आणि निवाडा

मानवी देहात आणि देहावर वास करणाऱ्या सूक्ष्मजीवांविषयी गेल्या दोन-अडीच दशकांत विपुल लेखन झाले आहे. आपल्याकडे त्याची चर्चा प्रायः माहितीच्या अंगाने होते. दिलेली माहिती बरोबर आहे की चूक, नवी आहे की शिळी, एवढेच पाहिले जाते. लेखक आपला विषय कोणत्या शब्दांत उभा करतो आणि ते शब्द वाचकाच्या मनात कोणता निवाडा आधीच रुजवून ठेवतात, याचा विचार क्वचितच होतो. विज्ञानविषयक लेखन हा जणू समीक्षेचा प्रांतच नव्हे, अशी आपली समजूत दिसते. वास्तविक ज्या वस्तू वाचकाला डोळ्यांनी दिसत नाहीत, त्यांच्या बाबतीत शब्दावाचून दुसरे साधनच त्याच्या हाती नसते. या दृष्टीने तीन वेगवेगळ्या काळांतील लेखन तपासून पाहणे आणि त्या अनुषंगाने मराठी परिभाषेचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या परंपरेतील आद्य लेखन म्हणजे डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी आंतोनी व्हान लेवेनहुक यांनी १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेले पत्र होय. लेवेनहुक यांना लॅटिन येत नव्हते. त्यांनी आपल्या डच बोलीतच लिहिले. स्वतःचे दात आपण रोज मिठाने घासतो, तरीही दोन दातांच्या मध्ये पांढरट लगदा साचतो, असे ते आरंभी सांगतात. तो लगदा पावसाच्या पाण्यात मिसळून त्यांनी भिंगाखाली धरला आणि त्यात हालचाल करणारे अतिसूक्ष्म प्राणी पाहिले. एक प्रकार पाण्यातून मासा सुळकन जावा तसा जातो, दुसरा भोवऱ्यासारखा गरगरतो, अशी त्यांची वर्णने आहेत. पुढे ते दोन स्त्रियांची, एका बालकाची आणि ज्याने जन्मात दात घासले नाहीत अशा एका वृद्धाची थुंकी व दातांवरील मळ तपासतात. वृद्धाच्या तोंडातील जीवांची संख्या पाहून त्यांना विस्मय वाटतो. परंतु त्या वृद्धाला ते नावे ठेवत नाहीत, त्या जीवांनाही नाहीत.

या पत्रातील एक प्रसंग वाङ्मयीन दृष्ट्या विशेष लक्षणीय वाटतो. शिर्क्यातील बारीक अळ्या पाहावयास त्यांच्या घरी काही प्रतिष्ठित स्त्रिया आल्या होत्या, आणि ते दृश्य पाहून त्यांपैकी काहींनी यापुढे शिर्का वर्ज्य करण्याचा निश्चय केला. एका संपूर्ण राज्यात जितकी माणसे नाहीत तितके प्राणी माणसाच्या दातांवरील मळात असतात, हे कळले तर या मंडळींचे काय होईल, असा प्रश्न लेवेनहुक करतात. किळस ही भावना त्यांना ठाऊक आहे. पण त्यांनी ती पाहुण्यांकडे ठेवली आहे आणि स्वतःकडे निरीक्षण ठेवले आहे. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे हा तटस्थपणा त्यांना आयता मिळाला, असा आक्षेप येथे घेता येईल. आक्षेप खरा आहे. तथापि तटस्थता कशामुळे आली यापेक्षा तिच्यामुळे लेखनात काय टिपले गेले, हे समीक्षेला अधिक महत्त्वाचे आहे. आकार, गती, संख्या, व्यक्तिव्यक्तींतील फरक या सर्व गोष्टी त्या एका पत्रात येतात, आणि सुमारे साडेतीन शतकांनंतरही त्या वर्णनाला फारसा धक्का लागलेला नाही.

एली मेचनिकॉफ यांचे आयुष्य वाढविण्यासंबंधीचे पुस्तक १९०७ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातच 'आशावादी' हे विशेषण आहे. लेखक सामान्य नव्हे. परकी वस्तू शरीरात शिरली असता भक्षकपेशी तिच्यावर चालून जातात, हे त्यांनीच दाखवून दिले होते, आणि त्याबद्दल १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. देहाला रणभूमी म्हणून पाहण्याची सवय आधुनिक वैद्यकाला लावण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आतड्यातील सूक्ष्मजीवांविषयी लिहावयास बसले तेव्हाही हीच रणभूमी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. मोठ्या आतड्यात अन्न कुजविणारे जीवाणू विष निर्माण करतात, त्या विषाने वार्धक्य अकाली येते, आणि दुधाला आंबट करणारे जीवाणू त्यांचा प्रतिकार करतात, अशी त्यांची मांडणी आहे. खल, नायक आणि पीडित देह अशी तीन पात्रे त्यात आहेत. नाट्य म्हणून ही रचना निर्दोष आहे. अडचण अशी की बल्गेरियन दह्यातील जो जीवाणू त्यांनी नायकपदी बसविला, तो मानवी आतड्यात कायमचा वस्तीस राहत नाही, हे पुढील संशोधनात दिसून आले आणि त्या आशावादावर विरजण पडले. स्वतः मेचनिकॉफ १९१६ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी निवर्तले.

नाट्याचे परिणाम मात्र पुस्तकापुरते राहिले नाहीत. आतड्यातील विषामुळे सारा देह दूषित होतो या विचाराच्या प्रभावाखाली लंडनमधील शल्यविशारद विल्यम आर्बथनॉट लेन यांनी अनेक रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकले. लेखनातील एक रूपक रुग्णाच्या पोटावरील टाक्यांपर्यंत कसे पोहोचते, याचे याहून ठळक उदाहरण सहसा मिळणार नाही. आज नायक-खलांची अदलाबदल झाली आहे. दह्याच्या व गोळ्यांच्या जाहिरातींत 'चांगले जीवाणू' विकले जातात, पण पात्रयोजना मेचनिकॉफ यांचीच आहे.

शत्रूचा मित्र झाला तेव्हा त्याच्या संख्येचेही कौतुक सुरू झाले. माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जीवाणू असतात, हे विधान अनेक वर्षे शोधनिबंधांच्या पहिल्या परिच्छेदात आणि व्याख्यानांच्या पहिल्या वाक्यात येत असे. त्याचे मूळ शोधू गेल्यास १९७२ सालच्या थॉमस लकी यांच्या एका लेखापाशी आपण पोहोचतो. विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये दहा हजार कोटी जीवाणू आणि अन्नमार्गात सुमारे एक लिटर ऐवज, असे धरून त्यांनी शंभर लक्ष कोटी हा आकडा काढला. हा ढोबळ अंदाज होता. जठरात आणि लहान आतड्यात जीवाणूंची दाटी मोठ्या आतड्याच्या मानाने नगण्य असते, हे त्यात जमेस धरलेले नव्हते. पुढे १९७७ साली ड्वेन सॅव्हेज यांच्या लेखात त्याची सांगड मानवी पेशींच्या तितक्याच ढोबळ संख्येशी घातली गेली आणि 'दहास एक' हे गुणोत्तर रूढ झाले. रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मायलो यांनी २०१६ साली पुन्हा हिशेब केला. ७० किलो वजनाच्या तरुण पुरुषाच्या देहात सुमारे ३८ लक्ष कोटी जीवाणू आणि सुमारे ३० लक्ष कोटी मानवी पेशी असतात, म्हणजे गुणोत्तर जवळजवळ बरोबरीचे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या सर्व जीवाणूंचे एकत्र वजन सुमारे २०० ग्रॅम भरते. शिवाय मानवी पेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक पेशी तांबड्या रक्तपेशी आहेत, आणि त्यांत केंद्रकच नसते. त्या गणतीत धरायच्या की नाहीत यावरच गुणोत्तर पालटते.

एक ढोबळ अंदाज चार दशके का टिकला? तो कोणी तपासला नाही, हे उत्तर अपुरे आहे. तो तपासावासा वाटला नाही, कारण त्यात एक अलंकार दडला होता. 'तू म्हणजे तू नव्हेस' हा विरोधाभास त्या आकड्याने गणिताच्या भाषेत सांगितला. आपल्या वाचकाला तर त्यात वेदांताचा आभासही होई. आकडा हा वाक्यात विशेषणाचे काम करू लागला की त्याची शहानिशा थांबते. अपरा निर्जंतुक नसून तिच्यात सूक्ष्मजीवांची वस्ती असते, हा २०१४ साली गाजलेला दावाही अशाच आकर्षणाने पसरला. २०१९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी शेकडो नमुने तपासून बहुतांश जीवाणू प्रयोगशाळेतील साहित्यातून व प्रसूतीच्या वेळी मिसळलेले असल्याचे दाखविले.

एड योंग यांचे 'आय कंटेन मल्टिट्यूड्स' (२०१६) हे पुस्तक या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याचे मोल ध्यानात येते. शीर्षक वॉल्ट व्हिटमन यांच्या काव्यातून घेतलेले असल्याने येथेही विपुलतेचा जयघोष असेल, असे प्रथम वाटते. प्रत्यक्षात योंग 'दहास एक' हा आकडा नाकारतात आणि चांगले व वाईट अशी सूक्ष्मजीवांची विभागणीही नाकारतात. कोणताही सहवास अटींवर चालतो, स्थळ बदलले की नाते बदलते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन आहे. आतड्यात निरुपद्रवी असलेला जीवाणू रक्तात शिरला तर प्राणघातक ठरतो. मातेच्या दुधात अशा काही शर्करा असतात की ज्या अर्भकाला पचतच नाहीत. त्या त्याच्या आतड्यातील विशिष्ट जीवाणूंचे अन्न आहेत. या दुधाच्या प्रकरणात योंग यांची शैली सर्वोत्तम उतरली आहे, कारण तेथे ते केवळ दाखवितात.

पुस्तकातील वोल्बाकिया या जीवाणूचे विवेचन आपल्या वाचकाने आवर्जून वाचावे. हा जीवाणू कित्येक कीटकांत नरांचा नाश करतो. परंतु हत्तीरोगाच्या कृमीला त्याच्यावाचून जगता येत नाही. म्हणून डॉक्सिसायक्लिनने तो मारला की कृमीही हळूहळू संपतो. गडचिरोली-चंद्रपूर भागात हत्तीरोग अपरिचित नाही. तेथील रुग्णाच्या देहात कृमी आणि कृमीच्या देहात जीवाणू, अशी ही घरात घर असलेली रचना आहे. हा जीवाणू कोणाचा मित्र आणि कोणाचा शत्रू? कृमीचा मित्र तो माणसाचा शत्रू म्हणावे, तर त्याच्याच परावलंबनामुळे माणसाला कृमीवर उपाय सापडतो. येथे मेचनिकॉफ यांची पात्रयोजना मोडून पडते.

तरीही पुस्तकाच्या उत्तरार्धाविषयी नापसंती नोंदविणे भाग आहे. शेवटच्या प्रकरणांत सूक्ष्मजीव उपाययोजनेची साधने होतात. त्यांना घडवावे, पेरावे, डासांत सोडावे, इमारतींत वसवावे, असे प्रकल्प एकामागून एक येतात. प्रत्येक प्रकल्पाशी एक उत्साही शास्त्रज्ञ, त्याचा पोशाख, त्याची प्रयोगशाळा असा ठराविक साचा आहे. जी दृष्टी पूर्वार्धात उपयुक्ततेच्या मोजपट्टीला विरोध करते, तिनेच ती पट्टी पुन्हा हाती घ्यावी, ही विसंगती लेखकाला जाणवलेली दिसत नाही. तसेच 'आपण' हे सर्वनाम ते सढळपणे वापरतात. २०१२ साली अमेरिकेच्या मानवी सूक्ष्मजीव प्रकल्पाने 'निरोगी माणसाचे' जे चित्र प्रसिद्ध केले, ते त्याच देशातील २४२ प्रौढांवर आधारलेले होते. या 'आपण'मध्ये भाकरी-आमटी खाणारा माणूस कितपत येतो, हा प्रश्न विचारणे संकुचितपणाचे ठरू नये.

आता मराठीकडे वळू. 'जंतू' या संस्कृत शब्दाचा अर्थ केवळ जन्मलेला प्राणी असा आहे. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात मोहग्रस्त मनुष्यांनाच हा शब्द लावला आहे. तोच शब्द 'जंतुनाशक'मध्ये आला की वध्य ठरतो, आणि 'जंत' झाला की पोटात होतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात वीस प्रकारचे कृमी सांगताना 'सहज' कृमी वेगळे काढले आहेत. यावरून प्राचीनांना आजचे सर्व शास्त्र ठाऊक होते असे म्हणणे हा शुद्ध आततायीपणा होईल. मात्र देहात असूनही विकार न करणारे असे काही असते, यासाठी एक वर्ग त्या परिभाषेने राखून ठेवला होता, एवढे निश्चित. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या परिभाषेत तो वर्ग 'उपकारक जीवाणू' या नावाने येतो, म्हणजे उपकार केल्याशिवाय त्याला प्रवेश नाही.

'विषाणू' हा शब्द याहून अवघड आहे. लॅटिनमध्ये मूळ शब्दाचा अर्थ विष असाच असल्याने भाषांतर प्रामाणिक आहे. परंतु इंग्रजी वाचकाला ते विष दिसत नाही, मराठी वाचकाला पहिल्याच अक्षरात दिसते. आपल्या आतड्यातील बहुसंख्य विषाणू जीवाणूंवर जगतात, आपल्या पेशींना ते स्पर्शही करीत नाहीत. त्यांना विषाचे अणू म्हणून वर्गात शिकविताना शिक्षकाची जी ओढाताण होते, ती येथील वाचकांना परिचित असेल.

'सहजीवन' या शब्दाची कथा उलट आहे. आंतोन द बारी यांनी १८७९ साली मूळ संज्ञा मांडली ती भिन्न जीवांचे एकत्र राहणे एवढ्याच अर्थाने. त्यात परजीवी संबंधही धरलेला होता. मराठीत 'सहजीवन' म्हटले की विवाहाचा रौप्यमहोत्सव आठवतो. संज्ञेतील कलह भाषांतरात गळून गेला. गावगाड्यातील बलुतेदारी ही उपमा कधीकधी सुचविली जाते; तिच्यात देवघेव आहे, हक्क आहेत, तंटेही आहेत, परंतु तिच्यातील जन्मजात उच्चनीचता निसर्गाच्या माथी मारणे कोणत्याही शिक्षकाला परवडणारे नाही. त्यापेक्षा 'सहवास' हा साधा शब्द बरा. त्यालाही गोडवा चिकटलेला आहे, हा आक्षेप मान्य आहे. पण डासांचा सहवास, ढेकणांचा सहवास असे मराठी माणूस सहज बोलतो, 'ढेकणांशी सहजीवन' असे थट्टेनेच म्हणतो. म्हणून पदवीच्या वर्गात प्रस्तुत लेखक 'सहवास' हीच संज्ञा योजतो. 'विषाणू'ला मात्र अद्याप पर्याय सुचलेला नाही.