सावकाशीचा हिशेब

१९८६ साली रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनल्ड्सचे उपाहारगृह निघाले. कार्लो पेत्रीनींनी विरोध केला. त्यातून ‘स्लो फूड’ चळवळ वाढली. गोगलगाय हे तिचे बोधचिन्ह! १९८९ च्या पॅरिस जाहीरनाम्यात भर होता तो जिभेच्या सुखावर. पेत्रीनींचे २००५ चे पुस्तक मात्र पुढे जाते. अन्न चांगले, स्वच्छ नि न्याय्य हवे, असे ते म्हणतात. (शाळामास्तराला असली आटोपशीर व्याख्या आवडायचीच!) तिसरा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो, पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे तोच विचारतो. पण रांधणारीचे काय? अनारशांसाठी तीन दिवस तांदूळ भिजवणाऱ्या आपल्या गृहिणीला सावकाशीचे धडे नकोत. तिच्या वेळेचा हिशेब या तीन शब्दांत कुठे बसतो, ते मला तरी दिसत नाही.