पाठीला पाठ

सिंधुदुर्गात भिंतीवरचं चित्र फार काळ टिकत नाही. मृगाचा पाऊस एकदा लागला की जांभ्याच्या भिंती पाणी पितात, गिलाव्याला पोपडे धरतात, आणि दिवाळी येईपर्यंत शाळेच्या कुंपणावरच्या भारतमातेच्या साडीला शेवाळाचा हिरवा काठ लागलेला असतो. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. म्हणून शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ पुन्हा पुन्हा रंगवाव्या लागतात. ‘स्वच्छ गाव, सुंदर गाव’ यातलं ‘स्वच्छ’ एखाद्या वर्षी आधी धुऊन जातं आणि नुसतं ‘सुंदर गाव’ उरतं. पावसाला विनोदाची जाण असावी.

भिंतीवर रंग टिकवायचा तर तो भिंतीच्या अंगातच मुरवावा लागतो, हे कोकणपट्टीतल्या कारागिरांनी फार पूर्वी ओळखलं होतं. गोवा-कारवारकडच्या जुन्या देवळांतली कावी कला ती हीच. चुन्याचा ओला गिलावा, त्यावर तांबड्या कावेचा थर, आणि तो कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. पण ते देवळाचं काम, यजमानाच्या ऐपतीचं. आज ‘लोकांचं चित्र’, ‘रस्त्यावरची कला’ म्हटलं की डोळ्यांसमोर एखाद्या इमारतीची रंगवलेली उंच भिंत येते. सिंधुदुर्गात चारचौघांपुढे मांडलेलं चित्र शोधायला निघालं, तर ते भिंतीवर सापडत नाही. ते पोथीत बांधलेलं होतं आणि माणसाच्या खांद्यावरून गावोगाव जात होतं.

कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत, गुढीपूरच्या ठाकर वस्तीत, ही पोथी अजून जिवंत आहे. चित्रकथी हे चित्राचंही नाव आणि ते दाखवत कथा सांगणाऱ्याचंही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांची नोंद आहे, तेव्हा धंदा जुना. पिंगुळीच्या ठाकरांना सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा आश्रय होता. नवरात्रासारख्या दिवसांत देवळात बसून त्यांनी रामायण-महाभारतातली आख्यानं लावायची, असा रिवाज होता. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. एका आख्यानाची एक पोथी, आणि तीत तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त पानं. पान तरी केवढं? फूटभर उंच, दीडेक फूट रुंद. शंभर माणसांच्या सभामंडपात हे असं किती दिसणार, ही शंका येतेच. ती बाजूला ठेवून आधी एक पान जवळून पाहू.

लढाईचं पान घेऊ, कारण या पोथ्यांत ती भरपूर आहेत. डावीकडे रथात उभा एक धनुर्धर, उजवीकडे तसाच दुसरा. दोघांचेही चेहरे बाजूने काढलेले, एकमेकांकडे रोखलेले. चेहरा बाजूचा असला तरी डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा पुरता, लांबट, आणि त्यात काळं बुबुळ घट्ट बसवलेलं. हा डोळा शत्रूकडे पाहतो की आपल्याकडे, हे शेवटपर्यंत ठरत नाही, आणि चित्राचा अर्धा दरारा त्यातच आहे. बाह्यरेषा ठसठशीत, न थरथरणारी. तिच्या आत तांबडा, पिवळा, निळा असे सपाट रंग. सावली नाही, गोलाई नाही. नक्षी आहे ती वस्त्रांवर आणि दागिन्यांवर. शरीरावर एकही जास्तीची रेघ नाही. कोपर पाहावं तर टोकदार वळलेलं, मनगट वेगळं जोडल्यासारखं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हीच ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवतात, लाकडी कळसूत्री बाहुल्याही नाचवतात. चित्र काढणारा हात बाहुली कापणाराही आहे. त्यामुळे कागदावरची माणसंही सांध्यात हलवता येतील अशी उभी असतात. चित्र थांबलेलं आहे, पण थिजलेलं नाही, ते यामुळे.

आता दोघांच्या मधली जागा पाहा. तिथे बाण आहेत. सुटले आहेत, पण लागलेले नाहीत. टोकाला टोक भिडवून अधांतरी अडकले आहेत. कुठल्या बाजूचा बाण जिंकणार, याची खूण चित्रकाराने ठेवलेली नाही. रामायण सगळ्यांना पाठ असलं तरी या पानापुरता निकाल राखून ठेवलेला आहे. तो कागद देणार नाही, बाजूला वीणा घेऊन बसलेला माणूस देईल.

पानाची उरलेली जागा कोरी असते. आभाळ नाही, डोंगर नाही, रणांगणाची धूळ नाही. कथेत झाड लागलं तरच झाड येतं, तेही नेमकं तेवढंच. ज्या मुलखात परसात पाऊल टाकलं की माड-पोफळी अंगावर येतात, तिथल्या चित्रकाराला निसर्ग रंगवावासा वाटू नये याचं पहिल्यांदा नवल वाटतं. पण दिव्याच्या उजेडात, दहा हात लांबून, बारीक तपशील दिसत नाही. दिसते ती आकृती आणि तिचा रोख. बाकीचं रान, समुद्र, लंका हे सगळं सांगणाऱ्याच्या गळ्यातून यायचं. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर तो काही गाऊन सांगतो, काही गद्यात बोलतो, मधेच पात्र होऊन भांडतो. कागद लहान का, याचं उत्तरही इथेच आहे. चित्र सगळ्यांना सगळं दिसावं अशी अपेक्षाच नव्हती. मागच्याला नीट दिसत नाही म्हणून तो कान देतो, आणि पुढच्याला दिसतं म्हणून तो मागच्याला सांगतो. कोरी जागा चित्रकाराने आळसाने सोडलेली नाही. ती दुसऱ्या कुणासाठी राखलेली आहे.

या पोथीतली सगळ्यात हुशारीची गोष्ट मात्र चित्रात नाही, चित्राच्या मागे आहे. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. फळीला टेकवलेलं पान सांगून झालं की हाताची एक हालचाल, आणि पुढचा प्रसंग समोर. एका बाजूला बाण अधांतरी. पान उलटलं की रथ मोडलेला. मधला क्षण दिसतच नाही. तो प्रेक्षकाने आपल्या डोक्यात घडवायचा. सिनेमावाले ज्याला कट म्हणतात तो पिंगुळीच्या ठाकरांच्या मनगटात होता. मणी कौल यांच्यासारख्या दिग्दर्शकाला 1977 मध्ये ‘चित्रकथी’ नावाचा लघुपट या मंडळींवर करावासा वाटला, यात मला तरी काही अचंबा वाटत नाही.

हे झालं रसाचं. पण अशा चित्राने समाज हलतो का?

सिंधुदुर्गातलं गाव गावरहाटीवर चालतं. देवळात कोण कुठे बसणार, पहिला मान कुणाचा, देवाचा तरंग कुणी धरायचा हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. त्या सभामंडपात, मानकऱ्यांच्या समोर, उतरंडीत खालच्या पायरीवरचा ठाकर रात्रभर बोलत असे. राजाने बायकोला वनात धाडलं ते बरोबर की चूक, भर सभेत द्रौपदीची विटंबना होताना वडीलधारे गप्प का बसले, असे प्रश्न तो पात्रांच्या तोंडून गावातल्या वडीलधाऱ्यांसमोरच घालत असे. चित्र पुढ्यात असल्यामुळे बोट दाखवायला जागा होती. बोट कागदावरच्या माणसाकडे, नजर कुणाकडे ते ज्याचं त्याने समजावं. यातून उतरंड मोडली, असं म्हणण्याचा मोह टाळावा. कथा संपली की तो पुन्हा आपल्या पायरीवर. पण एक रात्र बोलण्याचा हक्क त्याचा होता, आणि तो चित्राच्या आधाराने होता. जीर्ण झालेली पोथी ही माणसं फेकत नसत, पाण्यात सोडत, देवाची मूर्ती सोडावी तशी. नवी पोथी रंगवायला घ्यायची. टिकण्याचा हट्ट चित्राला नव्हता, सांगण्याला होता.

पुढे सिनेमा आला, टीव्ही आला. देवळातली रात्र दशावताराने राखली, चित्रकथीला ती राखता आली नाही. पोथ्या संग्राहकांकडे गेल्या. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात ‘पैठण शैली’ म्हणून ओळखली जाणारी या चित्रांची भावंडं आहेत. तिथे ती शांतपणे पाहता येतात, ऐकता मात्र येत नाहीत. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये घराच्या गोठ्यातच ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं, आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वच्छता, व्यसन असे आजचे विषयही बाहुल्यांच्या खेळात आले. माझ्या समजुतीप्रमाणे हे नवे विषय पोथीपेक्षा बाहुलीच्या अंगाला जास्त मानवले, आणि त्याचं कारण पानाच्या व्याकरणात आहे. पोथीतला माणूस मुकुटावरून, धनुष्यावरून, रथावरून ओळखला जातो. मुकुट उतरवला, की दवाखान्याच्या रांगेतला रुग्ण आणि त्याच्या मागचा रुग्ण यांत फरक करायला त्या रेषेकडे काही उरत नाही. बाहुली निदान खोकून दाखवते.

बंगालच्या पटुआंनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. पश्चिम मेदिनीपूरमधल्या नया गावचे पटुआ लांब पट उलगडत, एकेका चौकटीवर बोट ठेवून गातात. त्यांच्या पटावर एड्स आला, त्सुनामी आली, न्यूयॉर्कचे कोसळणारे मनोरेसुद्धा आले. त्यांची रेषा मुळातच सैल, कुठल्याही माणसाला आत घेणारी. पिंगुळीची रेषा दरबारी आहे, आणि हे तिचं वैभव तसंच तिचं ओझंही आहे. रसिकाने दोन्ही सांगितलं पाहिजे.

भिंतींकडे परत यायचं तर 2016 साल घ्यावं. त्या वर्षीच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला, डोंगरी जिल्ह्यांत हिमाचलचा मंडी. करूळ किंवा आंबोलीचा घाट उतरलेल्या माणसाला आपण मैदानी जिल्ह्यात शिरलो हे पटवणं अवघड, पण ते असो. त्या काळात जिल्ह्यातल्या भिंती घोषणांनी भरल्या होत्या. शौचालयाचं चित्र, हात धुणारी मुलगी, केराची टोपली. यश या भिंतींचं, असं कुणी म्हटलं तर मी हात जोडीन. भिंत ‘करा’ एवढंच म्हणते. न करणाऱ्याचं काय अडलं आहे, जागा नाही, पाणी नाही, की सासऱ्याला पटत नाही, हे ऐकायला भिंतीला कान नसतात. म्हण काही म्हणो. ते ऐकलं ग्रामसभेने, दारोदार फिरलेल्या बायाबापड्यांनी. घोषणेच्या शेजारी बसून बोलणारं माणूस जिथे होतं, तिथे ती घोषणा कामाची ठरली.

भिंतीची ही मर्यादा मुंबईत अधिक मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाली. 2017 च्या अखेरीस ससून डॉकमध्ये, 1875 साली बांधलेल्या त्या जुन्या गोदीत, कलाकारांनी प्रदर्शन भरवलं. कोळणी, मासळी सोलणाऱ्या बाया, हमाल यांचे चेहरे भिंतींवर भव्य आकारात आले. ज्या गोदीकडे मुंबईकर नाकाला रुमाल लावून पाहत, तिथे लोक रांगा लावून आले. हे थोडं नव्हे. पण एवढ्या मोठ्या चेहऱ्यासमोर उभं राहिलं की माणूस मान वर करून पाहतो, फोटो काढतो आणि निघतो. खाली बसून कोळंबी सोलणाऱ्या खऱ्या बाईशी बोलायचं राहूनच जातं. त्याच शहरात 2009 मध्ये तुळशी पाइप रस्त्यावर रेल्वेची भिंत सामान्य लोकांना रंगवायला मोकळी करून दिली होती, ती मला जास्त भावते. तिथलं बरंचसं काम कच्चं होतं, पण शेजारच्याचा ब्रश मागून घेण्याच्या निमित्ताने तरी अनोळखी माणसं एकमेकांशी बोलली असतील.

पिंगुळीचं पान याच फुटपट्टीने मोजावं, असं मला वाटतं. चित्र किती मोठं, किती बोलकं, हा नंतरचा प्रश्न. त्याच्याजवळ किती वेळ किती माणसं एकत्र बसली, आणि चित्राचा हक्क कुणाच्या तोंडी होता, हा आधीचा. शेवटचा मुद्दा आजही सुटलेला नाही. चित्रकथीमुळे जिल्ह्याची मान उंचावली म्हणून सत्कार होतात, आणि दुसरीकडे याच समाजातली मुलं जात पडताळणीच्या दाखल्यासाठी वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात. पिढ्यांच्या पोथ्या, बाहुल्या, हुडूक घरात असताना, तुम्ही कोण हे कागदावर सिद्ध करा, असं त्यांना सांगितलं जातं.

गुढीपुरात आता सुटी चित्रंही विकत मिळतात. पर्यटक मालवणला स्कुबा करून, तारकर्लीला राहून परतताना एखादं घेतात, आणि घरी नेऊन चौकटीत बसवतात. चित्रकाराला पैसे मिळतात, हे चांगलंच. पण चौकटीमागे पुठ्ठा आला की पाठीला पाठ नाही, आणि अधांतरी अडकलेले बाण कायमचे अधांतरीच. कुणी दोन प्रसंगांची जोडी मागून घेतली, तर चित्रकार नाही म्हणणार नाही बहुधा. दोन्ही बाजूंनी काच बसवून देणारा फ्रेमवाला कुडाळच्या बाजारात आहे का, तेवढं विचारावं लागेल.